दहा अंशांनी वेग दुप्पट कसा होतो?

तळटीप

नमस्कार मंडळी. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रासायनिक अभिक्रियेच्या वेगावर परिणाम करणाऱ्या पाच घटकांची यादी आहे: अभिक्रियाकारकांचे स्वरूप, त्यांच्या कणांचा आकार, संहती (म्हणजे द्रावणातले किंवा वायूतले प्रमाण), तापमान आणि उत्प्रेरक (वेग वाढवणारा मदतनीस पदार्थ). यादी पाठ करण्याआधी त्यातले एक-दोन घटक प्रत्यक्ष पाहावेत, म्हणून आम्ही दोघींनी सोडियम थायोसल्फेट आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांचा प्रसिद्ध प्रयोग केला. चंचुपात्राखालच्या कागदावर काढलेली फुली गंधकाच्या गढूळपणामुळे दिसेनाशी व्हायला २५ अंश सेल्सिअसला ५२ सेकंद लागले आणि ३५ अंशांना २७ सेकंद. 'दहा अंशांनी वेग दुप्पट' हे वाक्य मी शाळेत ऐकले होते, ते असे समोर घडलेले पाहून आनंद झाला.

आनंद फार टिकला नाही. तापमान वाढले की रेणू अधिक वेगाने धावतात, अधिक वेळा एकमेकांवर आदळतात, म्हणून अभिक्रिया जलद होते, असे पुस्तक सांगते. परंतु रेणूंचा सरासरी वेग केल्व्हिनमधील तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २९८ वरून ३०८ केल्व्हिनवर गेल्यास ही वाढ जेमतेम १.७ टक्के भरते. पावणेदोन टक्के अधिक धावून दुप्पट काम कसे काय होते?

दुसरा प्रश्न छोटा आहे. जस्ताचे दाणे विरल सल्फ्युरिक आम्लात टाकल्यावर बुडबुडे अगदी संथपणे येत होते. त्यात मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) द्रावणाचे चार थेंब टाकताच ते भराभर येऊ लागले. मुलगी म्हणते, मोरचूद हा उत्प्रेरक आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगताही येत नाही.

मंदज्योत

धडकांची संख्या वाढते म्हणून नव्हे, तर यशस्वी होण्याची पात्रता असलेल्या धडका वाढतात म्हणून. सविस्तर कोणी तरी लिहीलच.

अनुमापक

मंदज्योत यांनी मर्म सांगितलेच आहे, मी केवळ आकडेमोड पुरवतो.

दोन रेणू एकमेकांवर आदळले की अभिक्रिया झालीच असे नसते. जुने बंध ताणले जाऊन सैल पडावेत आणि नवे बंध जुळू लागावेत, इतकी किमान ऊर्जा त्या धडकेत असावी लागते. तिलाच आपण सक्रियण ऊर्जा म्हणतो. स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार ही अट पूर्ण करणाऱ्या धडकांचा वाटा घातांकी पद्धतीने बदलतो, आणि त्या घातांकात सक्रियण ऊर्जा वर, तर तापमान खाली असते.

सक्रियण ऊर्जा मोलमागे ५० किलोजूल आहे असे धरू. २९८ केल्व्हिनला सुमारे ५८ कोटी धडकांमागे एकच धडक पुरेशा ऊर्जेची असते. ३०८ केल्व्हिनला हेच प्रमाण सुमारे ३० कोटींमागे एक असे होते. एकूण धडका पावणेदोन टक्क्यांनीच वाढल्या, पण त्यांतल्या उपयोगी धडका जवळजवळ दुप्पट झाल्या.

हे असे होते, कारण सगळे रेणू सारख्या वेगाने धावत नाहीत. बहुसंख्य रेणू सरासरीच्या आसपास घुटमळतात आणि अगदी थोडे फार पुढे असतात. सरासरी किंचित पुढे सरकली की मधल्या गर्दीत फारसा फरक दिसत नाही, मात्र टोकाच्या विरळ भागातली संख्या काही पटींनी बदलते. अभिक्रिया त्या टोकावरचे रेणू घडवतात. सरासरीतले रेणू नुसते आदळून परत फिरतात.

सहावा_तास

अनुमापक यांचे स्पष्टीकरण अचूक आहे, परंतु त्यांनी ५० किलोजूल हा आकडा सोयीने निवडला आहे, हेही वाचकांना कळले पाहिजे. त्याच दोन तापमानांसाठी सक्रियण ऊर्जा २० किलोजूल घेतली तर वेग १.३ पट होतो आणि १०० किलोजूल घेतली तर ३.७ पट. 'दुप्पट' हा निसर्गाचा नियम नाही; प्रयोगशाळेत आपल्याला सोयीच्या वेळात आटोपणाऱ्या अनेक अभिक्रियांची सक्रियण ऊर्जा त्या परिसरात असते, इतकाच त्याचा अर्थ. व्हान्ट हॉफ यांच्या नावाने ओळखला जाणारा ढोबळ नियमसुद्धा दुप्पट ते चौपट इतकी ऐसपैस मर्यादा देतो. शिवाय तापमान जितके अधिक, तितका दहा अंशांचा परिणाम कमी. ८०० अंशांच्या भट्टीत दहा अंश वाढवून काही दुप्पट होत नाही.

मी शिकवताना हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि लगेच त्यापुढे प्रश्नचिन्ह काढतो.

तळटीप

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाची गाठ सुटली. मात्र आता यादीकडे पाहताना वाटते की हे पाच घटक एकाच पंक्तीत बसवण्यासारखे नाहीत. माझे चुकते आहे का?

वर्तुळकोन

अजिबात चुकत नाही. माझ्या मते पुस्तकाने तेथेच गोंधळ घातला आहे. संहती आणि कणांचा आकार हे दोन्ही घटक भेटींची संख्या वाढवतात; सक्रियण ऊर्जेच्या अडथळ्याची उंची आणि प्रत्येक भेटीतील यशाची शक्यता आहे तेवढीच राहते. तापमान तोच अडथळा ओलांडू शकणाऱ्यांची संख्या वाढवते. उत्प्रेरक मूळ अडथळ्याला हातही लावत नाही, तो दुसऱ्या कमी चढाच्या वाटेने नेतो. आणि अभिक्रियाकारकांचे स्वरूप म्हणजे तो अडथळा मुळात किती उंच आहे, हेच. पहिले दोन घटक एका जातीचे आणि उरलेले तीन सक्रियण ऊर्जेशी तीन वेगवेगळ्या नात्यांनी बांधलेले, अशी ही वाटणी आहे.

कणांच्या आकाराविषयी एक हिशेब मला नेहमी थक्क करतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. एक मायक्रोमीटर बाजूचे घन केले तर तेच ६ चौरस मीटर, म्हणजे एका लहानशा खोलीच्या जमिनीइतके. पदार्थ तोच, वस्तुमान तेच. एरवी पेटवायला कष्ट पडणारे पदार्थ हवेत धूळ होऊन पसरले की ठिणगीसरशी स्फोट पावतात, ते यामुळेच. १८७८ मध्ये मिनिआपोलिस येथील वॉशबर्न ए या गिरणीत उडालेल्या पिठाच्या धुळीने अशाच स्फोटात १८ जणांचा बळी घेतला होता.

जुनी_वही

वर्तुळकोन, वाटणी सुरेख आहे, पण 'संहती भेटींची संख्या वाढवते, म्हणून वेग वाढतो' हे इतक्या निश्चिंतपणे लिहू नये. तप्त टंगस्टनच्या पृष्ठभागावर अमोनियाचे विघटन होते तेव्हा पुरेशा दाबाखाली वेग अमोनियाच्या संहतीवर अवलंबूनच राहत नाही, कारण पृष्ठभागावरील सगळ्या जागा आधीच व्यापलेल्या असतात. बाहेर रांग कितीही लांबली तरी खिडक्या तेवढ्याच. अशा अभिक्रियांना शून्य कोटीच्या अभिक्रिया म्हणतात.

तळटीप ताईंच्या प्रयोगातही हे पडताळता येईल. थायोसल्फेटची संहती निम्मी केली तर फुली नाहीशी व्हायला साधारण दुप्पट वेळ लागेल, पण आम्लाची संहती निम्मी केल्याने फारसा फरक दिसणार नाही. समीकरणात दोघेही दिमाखात उभे असतात, मात्र वेग कोणावर किती अवलंबून आहे हे समीकरण पाहून सांगता येत नाही, प्रयोगच करावा लागतो. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी यांनी आम्लाच्या सान्निध्यात साखरेचे विघटन होताना ध्रुवित प्रकाशाच्या वळणावरून तिचे उरलेले प्रमाण मोजले, आणि वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो हे दाखवून दिले. अभिक्रियांच्या वेगाचे गणित खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले.

मंदज्योत

हा धागाही शून्य कोटीचा दिसतो. वाचक कितीही वाढले तरी लिहिणारे आपण पाच-सहा जणच.

भट्टीवाला

मी वाचकांच्या रांगेत होतो, पण यादीत नसलेल्या एका घटकासाठी खिडकीपाशी यावे लागले. तो घटक म्हणजे मिसळण.

रंगद्रव्यांची मध्यवर्ती रसायने बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अनेक वर्षे रात्रपाळीला होतो. एका बॅचमध्ये रिअ‍ॅक्टरमध्ये आधी भरलेल्या द्रवात दुसरे रसायन थेंबाथेंबाने सोडायचे होते. अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी होती, त्यामुळे तापमान वाढू लागले की जॅकेटमधले (भांड्याभोवतीच्या आवरणातले) थंड पाणी वाढवायचे आणि रसायनाची धार कमी करायची, एवढेच काम. त्या रात्री ढवळणारा पंखा बंद पडला आणि काही मिनिटे ते कोणाच्या लक्षातच आले नाही. तापमान वाढत नाही म्हणून आम्ही उलट खूश होतो. जड रसायन तळाशी साचत गेले. मग कोणी तरी पंखा पुन्हा चालू केला. साचलेले सगळे एकदम मिसळले आणि तापमापकाचा काटा आमच्या डोळ्यांदेखत चढू लागला. रिअ‍ॅक्टरची सुरक्षा झडप उघडली, कोणाला इजा झाली नाही, बॅच मात्र गेली.

त्यानंतर एका वरिष्ठांनी मला जे समजावले ते अनुमापक यांच्या समीकरणाचेच दुसरे टोक होते. अभिक्रियेतून निघणारी उष्णता तापमानाबरोबर घातांकी गतीने वाढते, तर जॅकेटमधून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या साध्या प्रमाणात वाढते. एका मर्यादेपलीकडे पहिलीला दुसरी गाठूच शकत नाही: तापमान वाढल्याने वेग वाढतो, वेग वाढल्याने तापमान आणखी वाढते. त्यात भांडे मोठे असले तर संकट अधिक. एक लिटरच्या चंबूऐवजी त्याच आकाराचे हजार लिटरचे भांडे घेतले तर आतला माल हजारपट होतो, थंड करणारी भिंत मात्र शंभरपटच होते. चंबूत सुरळीत चाललेली अभिक्रिया तशीच मोठ्या भांड्यात टाकणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये.

सहावा_तास

भट्टीवाले दादा, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, आपली हरकत नसावी. 'तापमान वाढत नाही म्हणून खूश होतो' या वाक्यात एक अख्खा धडा आहे.

कुतूहलनाथ

एक शंका. उत्प्रेरक वापरला की उत्पादित पदार्थ अधिक मिळतो, असेही आमच्या पुस्तकात सूचित केले होते. उद्योगांत त्यासाठीच वापरतात ना?

अनुमापक

नाही. ठरावीक वेळात अधिक मिळतो, अंतिम प्रमाण मात्र बदलत नाही. उत्प्रेरकाने काढलेली कमी चढाची वाट दोन्ही दिशांनी खुली असते. जाणाऱ्यांइतकीच परतणाऱ्यांचीही सोय होते आणि समतोल, म्हणजे दोन्ही दिशांचे वेग सारखे होतात तो बिंदू, आहे तेथेच राहतो, फक्त लवकर गाठला जातो. उत्प्रेरक समतोल हलवू शकला असता, तर तो आळीपाळीने आत सोडून आणि बाहेर काढून फुकट चालणारे यंत्र बनवता आले असते, यावरूनच ते अशक्य आहे हे लक्षात यावे.

अमोनियाच्या निर्मितीत ही ओढाताण स्पष्ट दिसते. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा संयोग उष्मादायी असल्याने समतोलाच्या दृष्टीने तापमान कमी हवे, पण कमी तापमानाला वेग इतका मंद की हाती काही लागत नाही. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ऑस्मियम वापरून प्रात्यक्षिक दाखवले. पुढे आल्विन मिटाश यांनी असंख्य नमुने तपासून लोहाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला. तरीही कारखान्यांना ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब ठेवावा लागतो. लोह नसते तर याहूनही अधिक तापवावे लागले असते आणि अमोनिया आणखी कमी मिळाला असता. उत्प्रेरकाचा आडून होणारा फायदा तो एवढाच.

मंदज्योत

समतोल आणि वेग वेगळे असतात, याबद्दल हिऱ्याच्या मालकांनी कृतज्ञ राहावे. सामान्य दाबाला ग्राफाइट हेच कार्बनचे अधिक स्थिर रूप आहे. हिरा हिराच राहतो, तो केवळ अडथळा फार उंच असल्यामुळे.

जुनी_वही

आता तापमानाचीही थोडी खोड मोडू या. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होण्याचा वेग तापमान वाढवल्यावर चक्क कमी होतो. सक्रियण ऊर्जा ऋण कशी असेल, असा प्रश्न पडतो, पण येथे एकच पायरी नसते. आधी नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू सैलसर जोडी करतात आणि मग त्या जोडीवर ऑक्सिजन आदळतो. जोडी जुळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवले की जोड्या मोडतात. दुसरी पायरी जलद झाली तरी तिला लागणाऱ्या जोड्याच उरत नाहीत.

कुतूहलनाथ

विकरांचेही (एन्झाइम, म्हणजे सजीवांतले उत्प्रेरक) असेच होते का? मी एकदा हायड्रोजन पेरॉक्साइडवर कॅटॅलेजचे द्रावण वापरले होते. वेग वाढावा म्हणून ते आधी चांगले ८० अंशांपर्यंत तापवले, तर फेस जवळजवळ आलाच नाही.

अनुमापक

परिणाम सारखा दिसतो, कारण वेगळे आहे. आपण विकरच मारून टाकलेत. ती प्रथिने असतात. तापल्यावर त्यांची घडी विस्कटते आणि ज्या खाचेत पेरॉक्साइडचा रेणू बसायचा ती खाचच नाहीशी होते. नायट्रिक ऑक्साइडचे मिश्रण थंड केले की वेग पूर्ववत होतो. आपले कॅटॅलेज थंड करून पाहिले असते, तर ते बहुधा पुन्हा कामाला लागले नसते.

ब्युरेट

अवांतर नाही, पण थोडे बाजूचे. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांचे अनुमापन करताना (एकात दुसरे थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजताना) पहिल्या थेंबाचा जांभळा रंग जाता जात नाही, आणि नंतरचे थेंब पडताक्षणी रंगहीन होतात. पहिल्या वर्षाला असताना मी घाबरून तीन वेळा द्रावण ओतून दिले होते. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे द्विधन आयनच पुढच्या अभिक्रियेचे उत्प्रेरक ठरतात, हे मागाहून कळले. अभिकारक संपत चालले असतानाही वेग वाढतो, हे संहतीच्या साध्या नियमात बसत नाही.

वर्तुळकोन

जुनी_वही आणि ब्युरेट यांनी माझी वाटणी बरीच खिळखिळी केली आहे. ती एकाच पायरीच्या अभिक्रियेसाठी खरी आहे, असे आता दुरुस्त करून लिहितो. अनेक पायऱ्या असल्या की प्रत्येक घटक कोणत्या पायरीवर काम करतो हे पाहावे लागते.

तसेच तळटीप यांचा दुसरा प्रश्न आपण सगळ्यांनीच विसरून गेलो. मोरचुदाचे काय?

सहावा_तास

मोरचूद स्वतः उत्प्रेरक नाही, कारण उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा उरतो आणि मोरचूद खर्च होतो: जस्त विरघळते आणि तांबे त्याच्या पृष्ठभागावर बसते. परंतु त्यानंतर जे घडते ते उत्प्रेरणच म्हणावे लागेल. शुद्ध जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू सुटणे अवघड असते, तांब्यावर ते पुष्कळ सोपे असते. जस्त आणि तांबे एकमेकांना चिकटलेले असल्याने जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तांब्यात जातात आणि हायड्रोजन तेथून सुटतो. प्रत्येक दाण्यावर एक चिमुकला विद्युतघट तयार झालेला असतो. अशुद्ध जस्त आम्लात अधिक वेगाने विरघळते, हे ओग्यूस्त द ला रीव्ह यांनी १८३० मध्येच नोंदवले होते, कारण तेच.

तेव्हा ताई, तुम्ही मोरचुदाविषयी बरोबर आहात आणि तुमची मुलगी तांब्याविषयी. आम्ल संपल्यावर तांबे जसेच्या तसे तळाशी सापडेल.

तळटीप

हे वाचून आम्ही काल पुन्हा प्रयोग मांडला. प्रत्येक वेळी तेवढेच आम्ल आणि वजन करून तेवढेच जस्त घेतले. २० मिलिलिटर वायू गोळा व्हायला मोरचुदाशिवाय सहा मिनिटांहून अधिक वेळ लागला, चार थेंबांनी दीड मिनिटाच्या आत काम झाले. मग उत्साहाने चाळीस थेंब टाकले, तर वेग पुन्हा घटला आणि अडीच मिनिटे लागली. दाण्यांवर तांबूस-काळपट थर बसला होता. तांब्याने जस्ताचा पृष्ठभागच झाकून टाकला आणि आम्लाला जस्तापर्यंत पोहोचू दिले नाही, असे मुलीचे म्हणणे आहे. तळाशी तांबे मात्र खरोखरच सापडले.

जुनी_वही

मुलीचे म्हणणे योग्य असावे. फक्त चाळीस थेंब म्हणजे सुमारे दोन मिलिलिटर पाणी आत गेले, त्यामुळे आम्लही तेवढे विरल झाले. पहिल्या दोन प्रयोगांत तितकेच पाणी घातले होते का? आणि दाण्यांचे वजन सारखे होते हे कळले, पण आकार?

तळटीप

पाणी घातले नव्हते. दाणेही डबीतून हाताला येतील तसे घेतले होते. रविवारी चाळणी घेऊन बसतो आम्ही.